टायमिंग लाइट निवडून देणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

जुन्या इंजिनाचं ट्यूनिंग शिकायला निघालेल्या नवख्या माणसाला तुम्ही एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडच लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं आणखी बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल.

मी विचारलं होतं एवढंच, की टायमिंग लाइट, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या पुलीवरची खूण क्षणभर उजळून ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा, डायलवाली घ्यावी की साधी. तुम्ही आधी इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, कुठलं आहे ते विचारलंत. साधी लाइट एक नंबरच्या प्लगला ठिणगी पडली की लगेच चमकते. डायलवाली तीच चमक आपण लावलेल्या अंशांइतकी उशिरा देते, म्हणून ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, शून्याच्या खुणेवरच वाचता येतो. पण त्यासाठी ती इंजिनाचा वेग ठिणग्यांवरून काढते. लागोपाठ अनेक ठिणग्या देणारा बॉक्स बसवला असेल, किंवा मोटरसायकल एक्झॉस्ट स्ट्रोकलाही (धूर बाहेर टाकतानाही) ठिणगी टाकत असेल, तर तशी सोय लाइटमध्ये नसल्यास आकडा भलताच येतो. माझं इंजिन पॉइंटचं (उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी ठिणगी पाडणारं), त्यामुळे दोन्ही चालल्या असत्या. तरी तुम्ही साधीच घ्यायला लावलीत, फक्त झेनॉनची आणि प्लगच्या वायरीवर नुसता चिमटा बसणारी. निऑनचा उजेड दिवसा दिसत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. चिमट्यावरचा बाण प्लगकडे ठेवायचा, हेही तुमच्यामुळेच कळलं.

डायलचं काम पुलीवरच्या खुणांनी होतं, हे तर मला फारच आवडलं. १५० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा परीघ साधारण ४७१ मिलिमीटर, म्हणजे १० अंशांना १३ मिलिमीटर. एवढ्या हिशोबावर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या की ३० अंशांपर्यंत सगळं डोळ्यांना दिसतं.

पण सगळ्यात मोठे आभार वेगळ्याच गोष्टीचे. लाइट लावण्याआधी तुम्ही पुलीवरची मूळ शून्याची खूणच तपासायला लावलीत. रबर असलेल्या पुलीची बाहेरची कडी कालांतराने सरकते, आणि मग कितीही चांगली लाइट चुकीचंच दाखवते. प्लगच्या भोकात स्टॉपर बसवून इंजिन हाताने, सावकाश, पिस्टन टेकेपर्यंत फिरवायचं आणि खूण करायची. मग उलट दिशेने फिरवून दुसरी खूण. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन अगदी वर असण्याची जागा. इतकी सोपी आणि इतकी पक्की रीत मला दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती.

पॉइंटचा गॅप आधी, टायमिंग नंतर, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाला) जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं. आणि लाइटच्या उजेडात फिरणारा पंखा थांबल्यासारखा दिसतो, म्हणून हात, बाही, वायरी लांब. हे तुम्ही दर वेळी सांगता, सांगत राहा.

आता आयडलिंगला खूण जागेवर आहे. रेस केलं की ती सलग पुढे सरकते, पण सोडल्यावर परत यायला जरा रेंगाळते. डिस्ट्रिब्युटरमधली, वेगानुसार ठिणगी पुढे नेणारी वजनं किंवा त्यांच्या स्प्रिंग अडकत असणार. तो उघडला की तुम्हाला फोन करतो.

तुमचा आभारी,
एक शिकाऊ