बाबा, तुमचं शिकवणं तोराच्या बाहेरचं नव्हतं

प्रिय आई आणि बाबा,
शालोम.

आई फोनवर म्हणाली की बाबा हल्ली शनिवारी सिनेगॉगमधून आले की गप्पच बसतात, आणि परवा म्हणाले की आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना न्यूटन शिकवला पण तोरा, आपला ज्यूंचा धर्मग्रंथ, काही धड शिकलो नाही, आता वर जाऊन काय सांगू. हे कुठून आलं ते मला माहितीये. माझ्या धाकट्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं ना, की शाळेत शिकवतात की गणित-सायन्स पोटासाठी आणि देवासाठी फक्त तोरा. तो लहान आहे, ऐकलं ते बोलला, पण बाबा तुम्ही ते मनाला लावून घेतलंत, म्हणून सविस्तर लिहितेय, फोनवर तुम्ही विषयच बदलता.

बाबा, हा वाद खूप जुना आहे आणि त्यात तुमची बाजू अजिबात लंगडी नाहीये. तल्मूदमध्ये, म्हणजे जुन्या धर्मगुरूंच्या, रब्बींच्या, चर्चांच्या ग्रंथात, मेनाहोत नावाच्या भागात एक गोष्ट आहे. रब्बी इश्माएलचा भाचा बेन दामा विचारतो, मी सगळी तोरा शिकून झालोय, आता ग्रीक लोकांची विद्या शिकू का? मामा त्याला यहोशवाच्या पुस्तकातलं वाक्य ऐकवतो, रात्रंदिवस याचंच मनन कर, आणि म्हणतो जा, दिवसही नाही आणि रात्रही नाही अशी वेळ शोध आणि तेव्हा शीक. शाळेतले लोक हे एवढंच सांगतात आणि थांबतात, आणि त्याचा मला खरंच राग येतो, कारण लगेच पुढच्या ओळीत तल्मूदच सांगतो की रब्बी श्मुएल बार नाहमानीला हे मान्य नाही, तो म्हणतो ते वाक्य ना सक्ती ना आज्ञा, तो आशीर्वाद आहे, यहोशवाला तोरा इतकी प्रिय होती म्हणून देवाने दिलेला. एकाच पानावर दोन्ही मतं आहेत.

आणि मग रामबाम, म्हणजे मायमोनिडीस. बाराव्या शतकातला, इजिप्तमध्ये फुस्तातला राहायचा, दरबारात वैद्य होता, आणि आपला सगळा धर्मकायदा त्याने मिश्ने तोरामध्ये लावून ठेवला. त्या ग्रंथाच्या सुरुवातीच्याच प्रकरणांत तो आकाशातले गोल, अग्नी, वायू, पाणी, माती यांच्याबद्दल सांगतो. का, तर देवावर प्रेम करायची आज्ञा आहे पण ते प्रेम येणार कसं? तो म्हणतो, त्याने केलेल्या सृष्टीकडे नीट बघ, त्यातलं शहाणपण समजलं की प्रेम आपोआप येतं. पुढे अभ्यासाचे नियम सांगताना म्हणतो की वेळेचे तीन भाग करा, लिखित तोरा, तोंडी तोरा म्हणजे तोंडी चालत आलेले नियम, आणि गेमारा म्हणजे त्यांची खोल चर्चा, आणि ज्याला पार्देस म्हणतात, म्हणजे हेच सृष्टीचं आणि देवाचं ज्ञान, ते गेमारातच धरायचं. बाबा, गेमारात! अर्थात एक अट घालतो, आधी काय चालतं काय चालत नाही हे शिकून पोट भर आणि मगच पार्देसमध्ये फिर. नंतरच्या पुष्कळ रब्बींना हे पटलं नाही. क्राकोच्या रब्बी मोशे इस्सेरलेसने लिहिलं की इतर विद्या अधूनमधून शिकायला हरकत नाही, नेहमीचा अभ्यास मात्र तोराचाच.

माझं मत विचाराल तर सगळं शिक्षण म्हणजे तोरा असं मी म्हणणार नाही. सकाळी तोरा उघडायच्या आधी आपण बेराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीचं वचन, म्हणतो, फिजिक्सचं पुस्तक उघडताना कोणी म्हणत नाही, आणि हा फरक राहावा असंच मला वाटतं, नाहीतर तोराला स्वतःची जागाच उरणार नाही. पण तल्मूदच्या बेराखोत भागात असंही आहे की दुसऱ्या धर्मातला मोठा विद्वान दिसला तर वेगळा बेराखा म्हणायचा, ज्याने आपल्या शहाणपणातून हाडामांसाच्या माणसाला दिलं त्या देवाची स्तुती. म्हणजे न्यूटन समोरून चालत आला असता तर आपल्याला तो म्हणावा लागला असता. ज्याचं शहाणपण बघून बेराखा म्हणायचा ते वर्गात शिकवणं म्हणजे फक्त पोटाचा धंदा, हे मी कसं मान्य करू?

आणि आपण बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, आपलं तर वेगळंच आहे. तिथे पूर्वजांकडे तल्मूद नव्हता, शमा ही प्रार्थना होती, सुंता होती, आणि शनिवारी घाणा बंद असायचा म्हणून शनवार तेली म्हणायचे. हिब्रूचं व्याकरण मराठीतून आलं ते जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने छापलं, १८३२ मध्ये, त्याचा हेतू वेगळा होता पण आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. १८७५ मध्ये आपल्याच समाजातल्या केहिमकरांनी मुंबईत शाळा काढली त्यातही हिब्रू आणि बाकीचे विषय एकाच छपराखाली. त्यामुळे वरती काय सांगू असं तुम्ही म्हणता तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आई, तुझ्यासाठी पण आहे. रामबाम लिहितो की शरीर निरोगी ठेवणं हा देवाच्याच मार्गाचा भाग, आजारी माणसाला देवाबद्दल काही उमजत नाही. तू वॉर्डात रात्री जागून काढल्यास, त्या पण धरायच्या.

आता काम. बाबा, धाकट्याला महिन्याचं गणित तुम्ही शिकवायचं. एका नव्या चंद्रापासून दुसऱ्यापर्यंत २९ दिवस १२ तास आणि ७९३ भाग, एका तासाचे १०८० भाग. या आकड्यावरून रोश हशाना, आपलं नवं वर्ष, कधी ते निघतं, आणि तल्मूदमध्ये शब्बाथच्या भागात ऋतूंचा आणि ताऱ्यांचा हिशेब करणं ही आज्ञाच धरली आहे. त्याला भागाकार येतो, बाकी काढताना गडबड करतो, तुम्ही रागवू नका. आणि रामबामचे पृथ्वीभोवती फिरणारे गोल वाचताना ते कुठे चुकतं हे पण त्याला सांगा, बिनधास्त सांगा, रामबामचा मान त्याने कमी होत नाही, बघ म्हणाला होता तेच आपण करतोय.

गुरुवारी बसू या, तुमच्याकडे साडेआठ म्हणजे आमच्याकडे सहा. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणालात ना, तर मी पानं मोठ्या अक्षरात पाठवते, प्रिंट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घ्या.

तुमची,
लेक