थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थायरॉइडची तपासणी आता सांगली-मिरजेपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही सकाळी रक्त दिले की संध्याकाळी रिपोर्ट हातात येतो. हे चांगलेच झाले. पण गोळी सुरू झाल्यावर ती घ्यायची कशी हे सांगायला कोणी थांबत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. ५० मायक्रोग्रॅमची ७५ होते, ७५ची १०० होते, तरी थकवा, अंगावरची सूज, केस गळणे चालूच. अशा वेळी डोस वाढवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: गोळीनंतर चहा किती वेळाने घेता?

थायरॉइड कमी असणाऱ्यांना दिले जाणारे लिव्होथायरॉक्सिन उपाशी पोटी घेतले तरी साधारण ७० ते ८० टक्केच रक्तात उतरते. पोटात दुसरे काही असले की त्यातही घट होते. घरातली बाई उठते ती थेट गॅसकडे. एकीकडे आधण ठेवायचे, गोळी तोंडात टाकायची, आणि पाचव्या मिनिटाला दुधाचा चहा. गोळी रोज घेतली जाते, पण पुरती लागू पडत नाही. ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढचा निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा-कॉफी, दूध, नाश्ता काही नको. पहाटे धारा काढायला जाणाऱ्यांनी चहाच्या आधी नव्हे, तर उठल्या उठल्या घ्यावी. तेही जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते. मात्र जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. वेळ कोणतीही ठरवा, रोज तीच ठेवा. एकादशी-नवरात्रातही गोळी चुकवू नये, ती पाण्याबरोबरच तर घ्यायची आहे.

चहापेक्षा मोठा अडसर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचा. दोन्ही पोटात लिव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतात, म्हणून मध्ये चार तासांचे अंतर लागते. गरोदर बाईच्या हातात तर तिन्ही असतात: थायरॉइडची, आरोग्य केंद्रातून मिळालेली लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम. लक्षात राहायला सोपे म्हणून बऱ्याच जणी सगळ्या एकदमच घेतात. त्यांना वेळा लिहून द्याव्यात. थायरॉइडची पहाटे सहाला, कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, लोहाची मधे साडेचार-पाचला, चहापासून लांब. आशाताईंनी हे वेळापत्रक आईच्या कार्डावरच लिहिले तर फार मोठे काम होईल. पहिले साधारण तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असते, त्यामुळे या काळातली हेळसांड परवडत नाही. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने पाळी चुकून तपासणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे, कारण डोस सहसा पाव हिश्शाने किंवा थोडा अधिकच वाढवावा लागतो. ‘तिसऱ्या महिन्यात नाव घालू तेव्हा बघू’ म्हणून चालत नाही.

आता रिपोर्टविषयी. या औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायला सुमारे आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात चढणारे, त्याला कामाला लावणारे संप्रेरक) पाहावा. पंधरा दिवसांत केलेली तपासणी दिशाभूल करते. तपासणीच्या दिवशी रक्त आधी, गोळी नंतर. महिनाभर गोळ्या चुकवून शेवटचे चार-पाच दिवस नेमाने घेतल्या, तर टी-फोर (रक्तातले प्रत्यक्ष थायरॉइड संप्रेरक) बरा दिसतो आणि टीएसएच चढलेलाच राहतो. असा रिपोर्ट दिसला की डोसऐवजी बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या निदान दोन दिवस आधी थांबवाव्यात. अनेक यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो, आणि डोस कमी व्हायचा तो उगाच. केस गळतात म्हणून बायोटिन, आणि केस गळतात ते थायरॉइडमुळे, अशी ही गाठ आहे.

टीएसएच नॉर्मल आला म्हणून स्वतःहून गोळी बंद करणे ही आणखी एक चूक. तो नॉर्मल आला आहे तो बहुधा गोळीमुळेच. उलट, शिबिरात टीएसएच ६ किंवा ७, म्हणजे थोडाच वर, निघाला आणि टी-फोर ठीक असला, तर लगेच जन्मभराची गोळी लावून घेण्याची घाई नको. गरोदरपण नसेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, सोबत अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) पाहावी. वजन कमी व्हावे म्हणून डोस वाढवून घेणाऱ्यांनी जपावे. जादा औषधाने छातीत धडधड होते, हाडे ठिसूळ होतात, उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होतात.

थायरॉइड जास्त असणाऱ्यांसाठी एकच, पण तातडीचे. कार्बिमाझोल (थायरॉइड कमी करणारी गोळी) चालू असताना ताप आणि घसा दुखू लागला तर घरगुती काढ्यावर न थांबता गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. क्वचित घडते, पण त्या पेशी एकदम खाली येऊ शकतात.

बाटलीचेही पाहा. ती गॅसजवळच्या फळीवर किंवा खिडकीत उन्हात ठेवू नये. उष्णता, ओल आणि उजेडाने औषध कमजोर होते, आणि आपला एप्रिल-मे कसा असतो हे सांगायला नको. गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नयेत.

जिल्ह्यातील औषध दुकानदारांना आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे. बाटली देताना तिच्यावर पेनाने मराठीत दोन ओळी लिहा: ‘उपाशी पोटी, फक्त पाण्याबरोबर. कॅल्शियम-लोह चार तासांनी.’ अर्धे मिनिट लागते. आणि प्रयोगशाळांनी नमुना घेताना ‘आज गोळी घेतली का?’ हे विचारून उत्तर रिपोर्टवर टाकावे.

आपला,
एक औषधविक्रेता वाचक, मिरज