त्या पहाटे लोकल थांबवणाऱ्या कीमनकाकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही रुळावरून चालत जाऊन रूळ तपासणारे कीमन, एवढंच मला माहीत आहे. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. रुळांची देखभाल करणाऱ्या तुमच्या गँगमधल्या कुणी वाचलं तर तुम्हाला नक्की वाचून दाखवतील.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट होती, जानेवारी 2024. मी नेहमीच्या लोकलला पुढच्या लेडीज डब्यात होते. अजून उजाडलं नव्हतं. अचानक चाकांखाली धाड, धाड, धाड असे तीन आवाज झाले आणि गाडीने करकचून ब्रेक मारला. डब्यात एकच किंकाळी उठली. असा आवाज झाला की 2006 चे लोकलमधले बॉम्बस्फोट आठवणाऱ्या बायका मुंबईत अजून आहेत. बॉम्ब, आग, काय काय बोललं गेलं. काहीच झालं नाही हे कळल्यावर मात्र भीतीचा राग व्हायला वेळ लागला नाही. मस्टर, लेट मार्क, मुलांच्या शाळा. मीही बोलले. "यांना रोज काहीतरी निमित्तच हवं असतं," हे वाक्य माझंच होतं.

गाडी थोड्या वेळाने सरपटत पुढे गेली आणि पुन्हा थांबली. खिडकीतून खाली पाहिलं तर तुम्ही होतात. डोक्याला माकडटोपी, अंगात नारिंगी जॅकेट, काखेत गुंडाळलेली दोन निशाणं. शेजारी गँगची माणसं बॅटरीच्या उजेडात रुळाला फिशप्लेट, म्हणजे दोन टोकं जोडणारी लोखंडी पट्टी, लावून शिकंजे आवळत होती. तुम्हाला अजून धाप लागलेली होती. डब्यातून कुणीतरी ओरडलं, "अहो, आणखी किती वेळ?" तुम्ही वर बघून म्हणालात, "दहा मिनिटं द्या ताई, रूळ तुटलाय." आणि बोटभर अंतर दाखवलंत. तुमच्या त्या बोटाला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, जखमेवर पट्टी बांधावी तशी.

मी दारात आले. विचारलं, "काका, आमची गाडी यावरून गेली असती तर?"

तुम्ही म्हणालात, "गेली नाही ना, ताई."

एवढंच. पुन्हा खाली बसलात आणि रुळावर हात फिरवून पाहायला लागलात.

त्या वेळी मला तुमच्या कामातलं काहीही कळत नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत विचारून, वाचून समजून घेतलं. लांबच लांब जोडलेला रूळ थंडीत आक्रसतो, ताण येतो आणि वेल्डिंग जिथे कच्चं असेल तिथे तटकन उकलतो. मुंबईची थंडी ती काय, असं आपण म्हणतो, पण दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारवा यांतला फरक पोलादाला पुरतो. आणि ते तीन आवाज तुम्ही रुळावर लावलेल्या फटाक्यांचे होते. चाकाखाली फुटून ते ड्रायव्हरला थांबायचा इशारा देतात. रूळ तुटलेला दिसला की त्या जागेपासून 600 मीटरवर एक फटाका आणि 1200 मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने, तीन फटाके लावायचे, असा नियम आहे. म्हणजे त्या अंधारात, खडीवरून, समोरून गाडी येत असताना तुम्ही सव्वा किलोमीटर धावला होतात. खडीवरून शंभर पावलं चालून पाहिलं की कळतं ते काय असतं. पाय मुरगळतो. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे नसाल, पण फार लहानही नव्हतात.

आम्ही तेव्हा वर बसून तुम्हाला बोलत होतो. काका, त्याबद्दल मी मनापासून माफी मागते.

हे माझ्या मनाला इतकं का लागलं, तेही सांगते. माझा मामा 22 जून 2003 च्या रात्री गावाहून मुंबईला येत होता. कारवार–मुंबई हॉलिडे स्पेशल. वैभववाडीजवळ पावसात दरड रुळावर आली होती, गाडी तिच्यावर आदळून घसरली. पन्नासहून अधिक माणसं गेली. मामा वाचला, पायात सळई राहिली. त्यानंतर तो कोकणात कायम एसटीनेच गेला. गणपतीत बारा-चौदा तास महामार्गावर अडकून पडला तरी एसटीनेच.

2 जून 2023 ला ओडिशातल्या बहानगा बाजारचा अपघात झाला तेव्हा मामा आमच्याकडेच होता. टीव्हीवर एकमेकांवर चढलेले डबे दिसायला लागले आणि तो उठून गॅलरीत गेला. कोरोमंडल एक्सप्रेस मेन लाइनऐवजी स्टेशनातल्या बाजूच्या लूप लाइनला गेली, तिथे उभ्या मालगाडीवर आदळली, तिचे घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या हावडा गाडीला लागले. 290 हून जास्त बळी. तिथे तरुण पोरं रात्रभर रक्त द्यायला रांगेत उभी होती, हे पाहून डोळे भरून आले. इथे आमच्या ग्रुपवर मात्र एकच आरडाओरडा. राजीनामा द्या, गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणा का नव्हती, बुलेट ट्रेन कशाला. मीही दिवसभर तेच पुढे पाठवत होते. तो राग खोटा नव्हता आणि विचारायलाच हवा असा जाब त्यात होता. पण पुढे चौकशीत आलं की सिग्नलच्या कामात तारांची जोडणी चुकली होती, म्हणून ड्रायव्हरला हिरवा दिवा दिसत होता. ‘कवच’ लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीला थांबवतं. इथे सिग्नलच हिरवा होता. दुरुस्ती झाल्यावर नीट तपासून पाहणं, ते एक काम राहिलं आणि इतकी घरं बसली. तोपर्यंत आमच्या ग्रुपवर दुसराच विषय सुरू झाला होता. चौकशीचं कुणी वाचलं नाही. मीही वाचलं ते तुम्ही भेटल्यानंतर.

काका, आम्ही मुंबईकर रविवारच्या मेगाब्लॉकला किती शिव्या घालतो ते तुम्हाला माहीतच आहे. लग्नाला जायचं असतं, दवाखान्यात जायचं असतं, गैरसोय खरीच असते. पण अपघात झाला की देखभाल का केली नाही म्हणून विचारणारेही आम्हीच, आणि देखभालीला रूळ चार तास मोकळे मागितले की चिडणारेही आम्हीच. तुमच्या गँगमध्ये माणसं पुरेशी आहेत का, रिकाम्या जागा भरल्या का, थंडीच्या पहाटे एकट्याने चालणाऱ्या माणसाला मागून येणारी गाडी कळावी म्हणून काय सोय आहे, हे आम्ही कधी विचारलं नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून गेली, तेव्हा मी पहिल्यांदा ग्रुपवर हे सगळं लिहिलं. थोडं भांडणही झालं. होऊ दे.

त्या पहाटेची एक गोष्ट तुमच्या लक्षात असेल का, माहीत नाही. काम झालं, गाडी सोडायची वेळ आली. सगळ्यात जास्त ओरडलेल्या मावशींनी खिडकीच्या गजांतून तिळाचा लाडू पुढे केला. तुम्ही म्हणालात, "हात ग्रीसचे आहेत." मावशी ऐकेनात. मग तुम्ही हिरव्या निशाणाचं टोक उलगडून ओंजळीसारखं धरलंत आणि लाडू त्यात घेतलात. मागच्या डब्यांतलं कुणाला हे दिसलं नाही. आमचा डबा एकदम गप्प झाला होता. गाडी माणूस चालतो त्या वेगाने तुटलेल्या जागेवरून गेली आणि तुम्ही वाकून चाकांकडे बघत होतात, आमच्याकडे नाही.

तुम्ही त्या गाडीतल्या आम्हा सगळ्यांना घरी पोहोचवलंत. याला आभार हा शब्द अपुरा आहे, तरी माझ्याकडे दुसरा नाही.

आणखी एक. ही सगळी हकीकत मी मामाला सांगितली. त्याने दोनदा विचारलं, "धावत गेला?" मग कोकण रेल्वेवर आता डोंगरांना जाळ्या लावल्यात का, पावसात गाड्या हळू चालवतात का, रात्री गस्त असते का, हे त्याने खोदून खोदून विचारून घेतलं. त्या वर्षी गणपतीला तो आमच्याबरोबर गाडीने आला. एकवीस वर्षांनी. रात्रभर झोपला नाही, खिडकीला डोकं टेकून बसून होता. रत्नागिरी मागे पडल्यावर डोंगर कापून केलेल्या एका कटिंगमध्ये पावसात रेनकोट घातलेला माणूस कंदील घेऊन उभा होता. क्षणभरच दिसला. मामाने काचेवर हात टेकवला आणि मला म्हणाला, "तुझे काका."

तुमची,
पुढच्या लेडीज डब्यातली, दाराजवळची एक प्रवासी