मॅडम, तो गेरू तुम्ही स्वतःच्या हातानं पुसला

मॅडम, नमस्कार.
सांगलीतल्या तुमच्या ओपीडीत रोज इतकी माणसं येतात, माझी आई आठवते का माहीत नाही. तासगावकडची, 62 वर्षांची, कपाळभर गेरू थापलेला आणि उजवा डोळा सुजून पार मिटलेला.

आधी दोन दिवस कपाळ नुसतं ठणकत होतं, मग फोड उठले. सगळे म्हणले नागीण आहे, फोडांचा वेढा पडून तोंडाला तोंड मिळालं की माणूस जातो, गेरू लावा. मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडं नेलं तर त्यांनी खुर्चीतनं न उठता ॲलर्जी म्हणून मलम लिहून दिलं. बघितलं पण नाही नीट! फोड आल्यापासनं 72 तासांच्या आत औषध सुरू झालेलं चांगलं असतं हे नंतर तुमच्याकडनं कळलं, आणि तो वाया गेलेला दिवस अजून डोक्यातनं जात नाही.

तुमच्यासमोर आई पदरानं कपाळ झाकत होती, गेरू बघून बोलणी बसतील म्हणून. तुम्ही स्टूल ओढून जवळ बसलात, पदर हळूच सरकवला आणि ओल्या कापसानं एकेक फोड सांभाळत गेरू पुसत राहिलात, बाहेर एवढी गर्दी असताना. "दुखतंय का आई?" एवढंच विचारत होता. गेरू निघाला तेव्हा नाकाच्या शेंड्यावरचा फोड दिसला. तिथं फोड म्हणजे डोळ्याला धोका, असं म्हणून तुम्ही लगेच मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

मग आईला तिच्या भाषेत सांगितलंत, लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू नसेत झोपून असतो, वय झालं, शुगर वाढली की उठतो, त्या एका नसेच्या पट्ट्यातच फोड येतात, वेढाबिढा काही पडत नाही. हे ऐकून आई ढसाढसा रडली. घरात कुणाशी न बोलता ती मरणाची वाट बघत बसली होती, हे मला पोटच्या पोराला तेव्हा कळलं.

असायक्लोविरची 800 ची गोळी दिवसातनं पाच वेळा, सात दिवस, एकही चुकवली नाही. नजर शाबूत आहे. रात्री कपाळाची आग होते अजून, पदर लागला तरी सहन होत नाही, पण तुम्ही आधीच सांगितलेलं त्यामुळं ती घाबरत नाही. शिकलेले डॉक्टर पुष्कळ आहेत हो, पण म्हाताऱ्या बाईला लाजवायचं नाही एवढी माणुसकी लई थोड्यांकडं असते.

आई म्हणती, द्राक्षं उतरली की पहिली पेटी मॅडमची. घेऊन येतोय, नको म्हणू नका.