पाच ‘का’ आणि एक मेमो

प्रति,
मा. केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

मार्च २०२३ पासूनच्या नव्या ‘लीन’ (कारखान्यातली नासाडी कमी करण्याच्या) योजनेत सल्लागाराच्या फीचा ९० टक्के भार सरकार उचलतं. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांना त्यामुळे हे परवडतं. शॉपवर पिवळे पट्टे येतात, शॅडो बोर्ड (हत्यारांच्या आकृत्या रंगवलेला फलक) येतो, सदोष जॉबसाठी लाल बिन येतो. सल्लागार गेला की काही महिन्यांत लाल बिन रिकामा दिसू लागतो आणि बर (कडेला उरलेली धातूची कुसळं) आलेले जॉब मशीनमागे सापडतात.

कारण ‘का’ या शब्दात आहे. ड्रिल का तुटला? कूलंट कमी पडलं. ते का? फिल्टर चोक झाला. असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं, ही जपानी रीत. आपल्याकडे साहेबाने “का?” म्हटलं की ती झाडाझडती. दुसऱ्या ‘का’ला ऑपरेटर गप्प, तिसऱ्याला मेमो. डच अभ्यासक हॉफस्टेडच्या सत्ता-अंतराच्या मोजपट्टीवर (आकडा जितका मोठा, तितकी वरिष्ठ-कनिष्ठ दरी जास्त मान्य) भारत ७७, जपान ५४. पण सगळं खापर संस्कृतीवर फोडू नये. सलग सेवेचे २४० दिवस भरून कायद्याचं संरक्षण मिळू नये म्हणून ज्याला कामावरून ब्रेक मिळतो, तो अडचण दिसल्यावर लाइन थांबवणारा दिवा कशाला लावेल? उपाय साधा आहे: “काय झालं, कुठे, कधीपासून?” एवढंच विचारायचं, तेही मशीनपाशी, जॉब हातात घेऊन. आधी ऑपरेटर बोलेल, सुपरवायझर शेवटी.

फाइव्ह-एस या जपानी नीटनेटकेपणाच्या पाच पायऱ्यांमधला ‘सेइसो’ (साफसफाई) असाच अडतो. खंडेनवमीला ऑपरेटर मशीन चकाचक पुसून हार घालतो. उरलेलं वर्ष हाउसकीपिंगवाला झाडतो. सेइसो म्हणजे खरं तर तपासणी. पुसताना गळकं ऑइल सील, ढिला बोल्ट, टाकीतला चिकट गाळ हाताला लागतो. झाडू धरणं हलकं मानण्यामागे जातिव्यवस्था आहे. सल्लागाराच्या पीपीटीत ती येत नाही. पहिले दोन आठवडे सुपरवायझरनेच रोज दहा मिनिटं फडकं धरावं, मग बाकीचे धरतात.

आमची मागणी: योजनेच्या मूल्यांकनात दिव्याची नोंदवही मागा. किती वेळा लागला, किती मिनिटांत कोण आलं. कामगारांची सूचनापत्रं मराठी-हिंदीत ठेवा, उत्तर सात दिवसांत फलकावर लावा. सल्लागाराचा शेवटचा हप्ता सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या भेटीशी बांधा. तोवर दिवा एकदाही लागला नसेल तर हप्ता रोखा, आणि बल्ब गेलाय का तेही बघायला सांगा.

आपले,
पुण्यातील काही उत्पादन अभियंते