लाकडी टेपर डगमगतो तो उतारामुळे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, म्हणजे लेथवर, बाटलीचे बूच, डबीचे झाकण, भोवरा असे छोटे काम धरायला दर वेळी चक (जबड्यांची पकड) लागत नाही. लेथच्या फिरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, निमुळत्या भोकात बसणारा लाकडी टेपर (एका टोकाकडे बारीक होत जाणारा खुंट) करून त्याच्या तोंडावर काम दाबून बसवता येते. तोंड हवे तसे कातून घ्यावे, बिघडले तर पुन्हा कातावे. पोलादी टेपरमध्ये ही सोय नाही. पण घरी केलेले असे टेपर बहुधा डगमगतात आणि खापर लाकडावर फुटते. खरा दोष बहुधा उताराचा असतो.

आधी भोक ओळखावे. तोंडाशी व्यास 12 मि.मी. च्या आसपास असेल तर मोर्स (निमुळत्या भोकांची ठरलेली मापे) क्रमांक 1, पावणेअठरा असेल तर क्रमांक 2. उतार दोन्हींत जवळपास एकच: 20 मि.मी. लांबीत व्यास 1 मि.मी. ने घटतो. त्या हिशेबाने क्रमांक 2 चा 64 मि.मी. लांबीचा टेपर जाड टोकाला 17.8 आणि बारीक टोकाला 14.6 मि.मी. भरतो.

पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून घ्या किंवा घरातला तुकडा वापरा, शिसव किंवा बाभूळ बरी. वाळलेली आणि सरळ रेषांची हवी. सागवान दाबाने चेपते. दीडशे मि.मी. लांबीचा तुकडा चकमध्ये धरून दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा (लेथच्या समोरच्या टोकाला असलेल्या सरकत्या भागाचा) आधार द्यावा. पार्टिंग टूलने (खाच पाडायच्या अरुंद पटाशीने) दोन्ही टोकांना मापाच्या खाचा पाडाव्यात, अर्धा मि.मी. जादा ठेवून, आणि मधला भाग पट्टी लावून पाहत सरळ कातावा. पॉलिश पेपर बोटांनी धरला की टोके झिजतात आणि मध्ये पोट राहते. तो सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळूनच लावावा.

खरी परीक्षा पुढे. टेलस्टॉकचे सेंटर (टोकदार आधार) काढले की आतले भोक बहुतेक लेथवर स्पिंडलच्याच मापाचे असते. लेथ बंद ठेवून ते भोक टेपरवर सरकवावे, हलके दाबून चक हाताने फिरवावा. जिथे लाकूड चकाकेल तिथेच ते टेकते. फक्त तोंडाशी, म्हणजे जाड टोकाशी, चकाकले तर उतार जास्त, फक्त शेपटाशी, म्हणजे बारीक टोकाशी, तर कमी. मध्ये चकाकले तर पोट आहे. तिथे केसभर खोलगट केलेले चालते, टोके टेकली पाहिजेत. लाकूड दबते, त्यामुळे जोरात ठोकून बसवलेला चुकीचा टेपरही घट्ट वाटतो आणि कातायला लागल्यावर सुटतो. व्यास 0.1 मि.मी. जादा राहिला तर टेपर 2 मि.मी. बाहेर राहतो, एवढेच. त्याने बिघडत नाही.

शेपटाची कड 2 मि.मी. तिरकी मारावी, नाहीतर मागून सळईने ठोकताना लाकूड फुलून भोकात अडकते. टेपरला तेल किंवा मेण लावू नये. टेलस्टॉकचा आधार काढून काम करायचे असेल तर टेपरला आरपार भोक पाडून, स्पिंडलमधून आटे असलेली सळई घालून मागे नटने आवळावे. नुसत्या घर्षणावर विसंबणे धोक्याचे.

आणि पुण्याचा पावसाळा विसरू नये. एप्रिलमध्ये कातलेला टेपर जुलैत फुगतो, तोही सगळीकडून सारखा नाही, म्हणून लंबगोल होतो. तोंडाशी 5 मि.मी. जादा लांबी ठेवली तर तो पुन्हा कातून घेता येतो. काम संपल्यावर मात्र तो काढूनच ठेवावा. ओलसर लाकूड स्पिंडलमध्ये राहिले की भोक गंजते.

– एक वाचक, पुणे