हर्णै बंदरावर जुनी जाळी-थर्माकोल साठवायला शेड उभी करायचीय, हातभार लावा

नमस्कार मंडळी, गावातल्या आणि मुंबई-पुण्याच्या सगळ्या चाकरमान्यांना,

नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय म्हणून घाईत लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा.

किनारा सफाई म्हटली की आज तालुक्यात आपल्या मंडळाचं नाव निघतं. सुरुवातीला फक्त मोठे गुरुजी आणि शाळेची पोरं होती. पोती नव्हती तर बाजारातल्या मावश्यांनी सुक्या मासळीची पोती धुऊन दिली, तांडेलकाकांनी ट्रॅक्टर दिला आणि डिझेलचे पैसे आजपर्यंत घेतले नाहीत, मुंबईकर मंडळींनी गणपतीच्या वर्गणीतून हातमोजे नि गमबूट पाठवले, पाजपंढरीची पोरं तर न बोलावता येतात. या सगळ्यांचे उपकार मंडळ विसरणार नाही.

पण मोठा कचरा उचलून भागत नाही हे आता दिसतंय. लिलावाच्या जागेजवळची ओंजळभर वाळू खाऱ्या पाण्याच्या बादलीत ढवळून बघा. वाळू खाली बसते, वर थर्माकोलचे मणी तरंगतात, निळ्या-हिरव्या दोरीचे केसाएवढे धागे, पिशव्यांचे कपटे. नायलॉनचा तंतू जड, तो वाळूबरोबर तळाला जातो, म्हणजे दिसतं त्यापेक्षा जास्तच आहे. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ऊन, लाटा आणि वाळूचं घासणं याने मोठ्या प्लास्टिकचा असा चुरा होतो, आणि एकदा झाला की तो समुद्रातून कोणी वेचू शकत नाही. बांगडा, तारली पाणी गाळून खातात, त्यांना हा चुरा आणि खाणं वेगळं कसं कळणार? जवळा तर आपण सगळाच्या सगळा खातो.

पर्यटकांना बोल लावून सुटता येणार नाही. त्यांच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं आहेतच, पावसात खाडीतून वरच्या गावांचा कचरा येतो, धुण्याच्या पाण्यातून पॉलिस्टरचे धागे येतात, गाड्यांचे टायर झिजून येतो तो चुरा वेगळाच. पण जाळी दुरुस्त करताना कापलेले तुकडे, फुटलेले थर्माकोलचे खोके, जुने दोर हे आपल्याच धंद्यातलं आहे हो. आत्ता होड्या शाकारून वर आहेत, जाळ्यांचं काम जोरात चालू आहे, आणि तुकडे तिथेच वाळूत पडतायत. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ एमएससी एल्सा ३ जहाज बुडालं तेव्हा तिरुअनंतपुरमकडच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे दाणे पोत्यांनी लागले, लोक चाळण्या घेऊन वाळू चाळत होते. ते जहाज आपल्या हातात नव्हतं, आपली कातरण तर आहे ना?

थोडं मनातलं बोलतो, राग मानू नका. गेल्या वर्षी हेच ग्रुपवर टाकलं होतं, अंगठे भरपूर आले, मदत मोजक्याच घरांतून आली. एका कार्यालयात अर्ज दिलाय, तो अजून टेबलावरच आहे. सफाईच्या दिवशी फोटोला गर्दी असते आणि पोती ट्रॅक्टरवर चढवायला तीच ती माणसं. वाईट वाटतं.

तर यंदा लिलावाच्या जागेमागे पत्र्याची शेड घालायचीय. जुनी जाळी, दोर आणि थर्माकोल वेगवेगळं साठवायचं, पावसात वाहून जाऊ द्यायचं नाही, टेम्पो भरला की रिसायकलवाल्याकडे पाठवायचं. पत्रे, अँगल, मजुरी, ४ चाळण्या आणि टेम्पोभाडं धरून ६० हजारांचा अंदाज आहे, त्यातले १८ हजार शिल्लक आहेत. पैसेच पाहिजेत असं नाही, जुने पत्रे, सिमेंट, वेल्डिंगवाला, एक दिवसाचं अंगमेहनतीचं काम, काहीही चालेल. होडीवाल्यांनी प्रत्येक होडीमागे एक पोतं कातरणीसाठी बांधून ठेवा, पोतं मंडळ देईल. वर्गणी खजिनदारांकडे किंवा मंडळाच्या खात्यावर, नंबर ग्रुपवर पिन केलाय, पावती मागून घ्या. येत्या रविवारी ओहोटी बघून सकाळी ७ ला लिलावाच्या जागी जमायचं, घरून बादली आणा, बायका-पोरांसकट या. शेडचं काम पौर्णिमेच्या आधी उरकायचंय, म्हणून ज्यांना द्यायचंय त्यांनी शनिवारपर्यंत आकडा कळवा.

आपला,
सेक्रेटरी, मंडळाच्या वतीने